बेसच्या वाट्याची चाल

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या सोलापुरात थंडी आली असं म्हणायची पद्धत आहे. येते ती सकाळी साडेनऊपर्यंत. दहाला ऊन आपल्या मूळ स्वभावावर जातं आणि स्कूटीवरच्या बायका अंगातले स्वेटर काढून डिकीत कोंबतात. पण एवढ्याशा थंडीचंही आम्हाला भारी कौतुक. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात, ऑफिसच्या ग्रुपवर ‘यंदा कुठं?’ असा मेसेज पडतो, आणि कुणी चटणीची, कुणी दह्याची, कुणी कडक भाकरीची जबाबदारी अंगावर घेतं. यंदा भाकरी माझ्याकडे आली.

एरवी मी या पार्टीला जात नाही. मला धुराचा त्रास होतो, असं सांगून ठेवलं आहे. ते खोटं आहे. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली जाण्याचा तो वास नाकात गेला की मला एका हिवाळ्याची आणि एका माणसाची इतकी आठवण येते की हुरडा घशाखाली उतरत नाही. चारचौघांत असं बसण्यापेक्षा धुराचा त्रास बरा.

त्या हिवाळ्याला आता बारा वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांची होते, विमा कंपनीच्या ऑफिसात नुकती चिकटले होते आणि माझी उंची पाच फूट दहा इंच होती. उंची अजूनही तेवढीच आहे, पण तेव्हा ती घरातली अडचण होती. बघायला आलेली मंडळी सोफ्यावर बसलेली असायची, मी पोह्यांचा ट्रे घेऊन आत आले की सगळ्यांच्या माना एकदम वर जायच्या आणि मुलाची आई हळूच मुलाकडे बघायची. आई मला आत नेऊन म्हणायची, “जरा वाकून चालत जा की गं. काय बिघडतं?” मी वाकून चालायला शिकले. बसस्टॉपवर वाकायची, फोटोत गुडघे दुमडायची. हळू बोलायचीही सवय लागली, कारण एवढ्या उंचावरून आलेला मोठा आवाज लोकांना आवडत नाही, अशी माझी समजूत होती.

कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मी दोन वर्षं बेस गिटार वाजवली होती. बेस म्हणजे खालचा सूर. गाणाऱ्याच्या आणि इतर वाद्यांच्या खालून जाजमासारखा पसरलेला असतो. असला तर कुणाला कळत नाही, नसला तर गाणं उघडं पडतं. मला ते वाद्य आवडायचं ते याचसाठी. स्टेजवर असूनही कुणाला दिसायचं नाही, याहून चांगली जागा माझ्यासारखीला कुठली? नोकरी लागल्यावर मात्र ती गिटार धूळ खात पडली होती, म्हणून एका संध्याकाळी मी ती विकायला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले.

तिथे यादगिरी मामा बसले होते. तेव्हा ते मला अर्थातच माहीत नव्हते. सत्तरीला टेकलेला, पांढराशुभ्र शर्ट आणि पायजमा घातलेला एक बारीक माणूस आपल्या क्लॅरिनेटची बटणं दुरुस्त करून घेत होता. त्यांनी माझ्या गिटारकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे खालून वर पाहिलं.

“अम्मा, जरा नीट उभी राहा.”

“उभीच आहे की मी.”

“नीट.”

मी पाठ सरळ केली. कितीतरी दिवसांनी केली असेन, कारण मणक्यातून कट्ट असा आवाज आला. मग त्यांनी माझे पंजे मागितले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, “गिटार वीक, काही हरकत नाही. पण उद्या पाच वाजता रेल्वे कॉलनीतल्या जुन्या हॉलवर ये. तुझ्या मापाचा एक हत्ती आहे तिथं.”

मामा तेलुगू विणकर घरातले. दिवसा गिरणीत मागावर, लग्नसराईत बँडमध्ये आणि शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या त्या हॉलमध्ये, असं त्यांचं तरुणपण गेलं. हॉलमध्ये तेव्हा गोऱ्या-सावळ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबं नाचायला जमत आणि त्यांचा एक लहानसा जॅझ बँड असे. मामा तिथे आधी खुर्च्या लावायला गेले, मग क्लॅरिनेट घेऊन मागे बसायला लागले, मग पुढे आले. त्या बँडमध्ये विल्फ्रेड नावाचा एक इंजिन ड्रायव्हर डबल बेस वाजवायचा. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं, अवाढव्य व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य. पुढे ती कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेली. विल्फ्रेडला निरोप द्यायला मामा स्टेशनवर गेले होते. तो म्हणाला, “इतकी वर्षं वाजवलं यादगिरी, पण एकानेही कधी विचारलं नाही, तू काय वाजवत होतास.” आणि हॉलमध्ये ठेवलेलं ते वाद्य मामांच्या स्वाधीन करून तो गाडीत बसला.

हे वाक्य मामांनी चाळीसएक वर्षं सांभाळलं. गिरणी बंद पडली, मामी गेल्या, मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, आणि मग घरात रिकामपण आल्यावर मामांनी एक जॅझची रचना केली. तिच्यात मुख्य चाल बेसला दिली होती. बँडवाले त्यांच्या भाषेत रचनेला ‘नंबर’ म्हणतात, म्हणून मामा तिला ‘हत्तीचा नंबर’ म्हणायचे.

हत्ती, म्हणजे विल्फ्रेडचा तो डबल बेस, कॅरम बोर्डांच्या मागे, भिंतीला तोंड करून उभा होता. वरची चादर काढली तेव्हा इतकी धूळ उडाली की आम्ही दोघं बाहेर येऊन खोकत बसलो. मी त्याच्या शेजारी उभी राहिले तर त्याचं डोकं माझ्या डोक्यापेक्षा चार बोटं वर होतं. माझ्यापेक्षा उंच असं काही माझ्या शेजारी उभं राहिल्याचं मला आठवत नव्हतं. मी त्याच्या गळ्याभोवती हात टाकला आणि एक तार ओढली. आवाज कानाला ऐकू यायच्या आधी माझ्या पोटात आला, बरगड्यांत आला. मला एकदम बरं वाटलं. इतकं सोपं होतं ते.

जॅझ म्हणजे काय, हे मी मामांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, “आधी सगळ्यांनी मिळून चाल म्हणायची. मग एकेकानं तिच्याशी भांडून यायचं. मग सगळ्यांनी मिळून परत घरी. यात बेसवाला कधी भांडत नाही. तो खाली चालत असतो, दुसऱ्यांना रस्ता करून देतो. माझ्या नंबरात सगळे भांडून दमतात, गप्प होतात, आणि घरी एकटा हत्ती जातो.”

तो घरी जाण्याचा रस्ता फार अवघड होता. सात मात्रांचं चक्र, पण चाल समेवर सुरू होत नव्हती आणि समेवर संपतही नव्हती. अर्ध्या वाटेवर एक उडी होती. खालच्या जाड तारेवरून हात एकदम वर, वाद्याच्या खांद्यापाशी न्यायचा, तिथे अंगठाच तारेवर टेकवून पुढचा सूर पकडायचा. गिटारवर असतात तशा आडव्या पट्ट्या या वाद्याला नसतात. सूर कुठे आहे ते फक्त हाताला माहीत असावं लागतं. माझ्या हाताला ते पाचांतून दोनदा माहीत असायचं. उरलेल्या तीन वेळा जो आवाज यायचा तो ऐकून मामा डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, “चुकू दे. थांबू नको. चाल थांबलेली मला चालत नाही.”

तबल्याला सिद्धाराम होता. ड्रमसेट परवडत नव्हता आणि मामांना तो नकोही होता. सिद्धाराम त्यांच्या ओळखीतल्या एका भजनी मंडळात वाजवायचा. तिशीतला, ठेंगणा, कपाळाला भस्माचे पट्टे, घरात कानडी आणि बाहेर मराठी. त्याच्या आईचा कडक भाकरीचा धंदा होता, त्यामुळे तालमीला येताना तो भाकरीच्या चुऱ्याची पिशवी घेऊन यायचा. तुटलेल्या भाकऱ्या विकता येत नाहीत, त्या आम्ही खायचो. तो मला पहिल्या दिवसापासून ‘अक्का’ म्हणाला, खरं तर तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

महिनाभर आम्ही तिघं रोज संध्याकाळी जमायचो. हॉलच्या तुटक्या तावदानांतून थंड वारं यायचं, बाहेर मालगाडी जायला लागली की फरशी थरथरायची, आणि मामा क्लॅरिनेट खाली धरून गाडी संपेपर्यंत वाट पाहायचे. त्या गाडीच्या आवाजात मी माझा खालचा सूर मिसळून द्यायची. कुणाला कळायचं नाही, पण मला गंमत वाटायची. घरी जाताना माझी पाठ सरळ असायची. आई म्हणायची, “हिला काय झालंय?” काही सांगायची सोय नव्हती. मी सुखात होते. त्यानंतर मी सुखात नव्हते असं नाही, नवरा भला मिळाला, माझ्याहून दोन इंच बुटका आहे आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. पण सुखात असताना ‘आपण सुखात आहोत’ हे आतून कळत राहावं, असं पुन्हा झालं नाही.

बोटांना मात्र फोड आले होते. त्या तारा साध्या नव्हेत, दोरखंडच. पौषाच्या तोंडावर एका रविवारी सिद्धारामच्या काकांनी आम्हाला अक्कलकोटकडच्या शेतावर हुरड्याला बोलावलं. आगटीभोवती पोती टाकली होती, शेंगाची चटणी, गूळ, दह्याचं मडकं. निखाऱ्यातून काढलेलं कणीस हातात घेऊन चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि दाणे तोंडात टाकायचे, ही हुरड्याची रीत. गार झाला की त्यात मजा नाही. मी कणीस उचललं आणि फोडांवर चटका बसून तसंच टाकून दिलं.

“राहू द्या की अक्का. मी देतो चोळून.”

“अरे, तुझेही हात वाजवायचेच आहेत.”

“माझ्या हाताला काय हुतंय? तव्याच्या वाफेत वाढलेलं हात हायेत हे.”

त्या दुपारी त्याने मला पोटभर हुरडा चोळून दिला. स्वतः खायच्या आधी माझ्या कागदावर एक मूठ टाकायचा. मामा शेजारी बसून आपले दात सांभाळत एकेक दाणा चघळत होते. मध्येच सिद्धारामने विचारलं, “मामा, अक्काची शेवटची चाल आमाला कवा ऐकवणार?”

कारण ती चाल त्याने ऐकलेलीच नव्हती. सगळे गप्प होतात तिथपर्यंतच आम्ही तिघं मिळून वाजवायचो. पुढचं मामा मला एकटीला, सिद्धाराम गेल्यावर शिकवायचे. त्यात एक अवघड उडी आहे, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. त्यांनी ते तेलुगू अक्षरांत कुठल्याशा वहीत लिहिलं होतं, मला वाचता यायचं नाही, म्हणून गाऊन दाखवायचे.

“स्टेजवर,” मामा म्हणाले. “तुझ्याही कानाला ती तिथंच भेटू दे. तू फक्त एक कर. शेवटाला तिहाई मारू नको. हात उचलायचा, बस. मग सात मात्रा काही नाही. लोकांचे कान वरती असतात रे, खाली यायला तेवढा वेळ लागतो. आठव्या मात्रेला अम्मा.”

तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येऊन ठेपणं. भजनात ती आली की आपल्याकडे कडेवरच्या पोरालाही कळतं की संपलं. सिद्धारामच्या हातात ती लहानपणापासून मुरलेली होती. तालमीत पहिले आठ-दहा दिवस त्याचा हात आपोआप तिकडेच वळायचा आणि मामा क्लॅरिनेटने त्याच्या मनगटावर टिचकी मारायचे. नंतर तो सुधारला. हात उचलून हवेत धरायचा आणि आमच्याकडे बघून हसायचा.

कार्यक्रम त्याच हॉलमध्ये, जानेवारीत, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठल्यावर ठरला. एका सांस्कृतिक मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, नाट्यछटा आणि भावगीतांच्या मध्ये आम्हाला दहा मिनिटं दिली होती. दोनशेएक माणसं असतील. सिद्धारामचं अख्खं भजनी मंडळ कौतुकाने पहिल्या दोन रांगांत येऊन बसलं होतं, आपला माणूस काहीतरी इंग्रजी वाजवणार म्हणून. माझी आई चौथ्या रांगेत होती.

सुरुवात छान झाली. मामांचं क्लॅरिनेट त्या दिवशी वीस वर्षांनी लहान होतं. सिद्धाराम सात मात्रांत अशा काही गमती करत होता की भजनी मंडळाच्या माना हलत होत्या, हात मांडीवर पडत होते. मी खाली चालत होते, दुसऱ्यांना रस्ता देत. आणि चालता चालता माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती उडी. आता येईल, आता सगळे गप्प होतील, मग दोनशे माणसांसमोर मी एकटी, आणि माझ्या हाताला सूर माहीत नसेल.

शेवट जवळ आला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बुवांनी सिद्धारामकडे बघून हात वर केला, ‘वा’ म्हणायच्या बेतात. आणि सिद्धारामच्या हातांनी आपल्या माणसांना जे द्यायचं ते देऊन टाकलं. तिहाई. एकदा, दोनदा, तीनदा, धा.

टाळ्यांचा पाऊस पडला. निवेदक चादर आणि श्रीफळ घेऊन विंगेत तयारच होता, कारण प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. तो माईककडे निघाला.

त्या सात मात्रा मी मोजल्या आहेत. टाळ्यांच्या आत त्या स्पष्ट चालू होत्या. तिसऱ्या मात्रेला मामांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया वर उचलल्या. पाचव्या मात्रेला माझं बोट तारेवर होतं. मी वाजवू शकले असते. सोलापूरचं पब्लिक आहे, खालून सूर निघाला असता तर लोक ‘श्श’ करून बसले असते, निवेदक जागच्या जागी थांबला असता. सिद्धारामची तिहाई गेलीच असती विसरून. सगळं माझ्या एका बोटावर होतं. आणि मला त्या टाळ्या ऐकून हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. सातव्या मात्रेला मी बोट काढून घेतलं आणि निवेदकाकडे बघून हसले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

हॉलच्या मागे, नळापाशी सिद्धाराम रडत होता. गळ्यात सत्काराची चादर तशीच. मला बघून म्हणाला, “अक्का, मी मोडली का मामाची चाल?” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जाऊ दे. होतं असं.” किती सहज म्हणाले. ज्या हातांनी मला हुरडा चोळून दिला त्यांच्यावर सगळं ढकललं आणि वर समजूत काढल्याचं पुण्यही घेतलं.

मामा त्याला म्हणाले, “पुढच्या वर्षी परत लावू.” मला म्हणाले, “हत्ती घरी घेऊन जा अम्मा. इथं वाळवी लागेल.” बाकी काही नाही. त्यांना कळलं होतं का? भुवया वर उचललेला माणूस होता तो, माझ्या बोटाकडे बघत होता. कळलंच असणार. त्याच वर्षी चैत्रात ते गेले, छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मुलीने घर आवरलं, तेलुगू वही रद्दीत गेली की हैदराबादला, कोण जाणे. तेव्हापासून ती चाल फक्त माझ्या बोटांत आहे, आणि बोटांनी ती बारा वर्षं वाजवली नव्हती. हत्ती माझ्याकडेच होता. लग्नानंतर जुळे सोलापूर या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये तो माझ्याबरोबर आला, हॉलच्या कोपऱ्यात उभा राहिला. नवरा त्याच्या खुंट्यांवर ओला टॉवेल वाळत टाकतो. मी कधीमधी खालची तार छेडायची, पोटात येणाऱ्या त्या थरथरीसाठी, आणि भूक भागल्यासारखं करून बाजूला व्हायची.

तर यंदा भाकरी माझ्याकडे आली. कुणीतरी सांगितलं, अक्कलकोट रोडला एक जण चांगल्या करतो. पत्त्यावर गेले तर सिद्धाराम. पोट सुटलेलं, केस पांढरे, कपाळावर भस्म तसंच. पत्र्याच्या लांब शेडमध्ये दहा-बारा बायका भाकऱ्या थापत होत्या. मला बघून तो मनापासून हरखला, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. आई गेल्याचं सांगितलं, धंदा वाढल्याचं सांगितलं. मी वर बघितलं तर माळ्यावर, तेलाच्या डब्यांच्या मागे, गवसणी घातलेला तबला-डग्गा होता. गवसणीवर पिठाचा पांढरा थर.

“वाजवत नाहीस?”

“ते सोडलं की अक्का.”

“कधी?”

तो हसला. “मामाची चाल मोडली तवाच. मंडळात दोन-चारदा गेलो हुतो, पण तिहाई आली की हात जड हुतोय. म्हणलं, आपल्याला न्हाई जमत. मामा मरायच्या आधी एकदा ऐकायचं म्हणत हुते, ते बी आपल्या हातानं घालवलं.”

मी भाकरीचे पुडे घेतले, पैसे दिले आणि स्कूटीवर बसले. चौकापर्यंत आल्यावर बाजूला थांबले, कारण पुढचं दिसेना.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आल्यावर मी हत्तीशी उभी राहू लागले. चाल बोटांत होती, पण गोठलेली. आठ दिवस लागले. फोड पुन्हा आले, त्याच जागी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नवऱ्याला जिन्यात गाठून सांगितलं, “तुमचा फ्रिज बदला हो, लई घरघर करालाय.” उडी पाचांतून एकदाच जमत होती. वय झालं होतं तिचं आणि माझं. आणि मामांची इतकी आठवण यायची की मी मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहायची. कुणीतरी ‘थांबू नको’ म्हणावं म्हणून. कुणी म्हणत नव्हतं.

परवाच्या रविवारी हुरडा पार्टीला न जाता मी एक छोटा टेम्पो बोलावला. हत्तीला गादीत गुंडाळून दोरीने बांधलं आणि मागे त्याला धरून बसले. फोनवर सांगितलं असतं तर तोंडातल्या तोंडात बोलून मोकळी झाले असते. एवढं धूड बरोबर असलं की पळून जाता येत नाही.

शेडच्या दारात उभी राहून, चपला काढायच्या आधीच मी सांगितलं. तिहाईनंतर सात मात्रा होत्या. बोट तारेवर होतं. मला वाजवता आलं असतं. मी भिऊन थांबले. चाल तू मोडली नाहीस, मी मोडली. बायकांचे हात थबकले होते, त्यामुळे माझा आवाज शेडभर गेला. मी वाकले नाही, एवढंच केलं.

सिद्धाराम पुडे बांधत होता. त्याने हातातला पुडा पूर्ण बांधला, बाजूला ठेवला.

“नळापाशी मी तुमाला इचारलं हुतं अक्का.”

“हो.”

“तुमी काय म्हणला?”

“होतं असं.”

“बारा वर्सं,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “एक फोन करायचा की.”

मी माफी मागितली. ती त्याने घेतली की नाही, कळलं नाही. तो उठला, भिंतीशी जाऊन रिकामे डबे एकावर एक रचायला लागला. काही वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, “आणलाय न्हवं? मग वाजवा.”

पिठाने पांढऱ्या झालेल्या फरशीवर मी हत्तीला उभं केलं. सात मात्रा मनात मोजल्या. आठवीला सुरुवात केली. शेडचे पत्रे खालच्या सुराने हलकेच किणकिणायला लागले. चाल निघाली, आपल्या वाटेने, समेला बगल देत. मामांचा आवाज मला ऐकू येत होता, ते कसं गाऊन दाखवायचे, कुठे श्वास घ्यायचे. उडी आली. मी हात वर नेला, अंगठा टेकवला, आणि जो सूर निघाला तो भलताच होता, दारावर नख ओढल्यासारखा. हात थांबवावा असं अगदी त्या दिवसासारखं वाटलं. पुढचा सूर वाजवला, मग त्याच्या पुढचा. शेवटापर्यंत गेले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भट्टीवर एक भाकरी करपल्याचा वास आला आणि एक बाई लगबगीने उठली. सिद्धाराम भिंतीकडे तोंड करूनच उभा होता, हातात एक डबा.

“मधी ती उडी चुकली न्हवं तुमची?”

“चुकली.”

तो वळला.

“तरी थांबला न्हाईत की,” तो म्हणाला.